बावन्न वजा सतरा

माझ्या तिसरीतल्या भाच्याच्या वहीत ५२ − १७ = ४५ असं लिहिलं होतं. त्याखाली ८१ − ३६ = ५५. त्याखाली ६८ − २३ = ४५, आणि पानावरचं तेवढं एकच बरोबर. बहीण म्हणाली, "लक्षच नसतं मेल्याचं." पण पान नीट पाहिलं तर लक्ष अगदी पूर्ण होतं. प्रत्येक उभ्या रकान्यात दोन आकडे, त्यांतल्या मोठ्यातून लहान वजा. वर कोणता आणि खाली कोणता, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दोन आणि सात असले तर पाच, एक आणि सहा असले तरी पाच. पानभर तो या पद्धतीपासून एकदाही ढळला नव्हता.

विचारलं तर म्हणाला, "मावशी, लहानातून मोठा जात नाही ना! बाईंनीच सांगितलंय."

बाईंनी सांगितलं असणारच. "दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक दशक उसना घ्यायचा." त्यातला पहिला अर्धा त्याने उचलला, उरलेला वर्गातच राहिला. ही चूक शिक्षणाच्या अभ्यासकांना चांगली परिचयाची आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुकांची छाननी केली होती. मुलं पुष्कळदा वेंधळेपणाने चुकत नाहीत, कुठल्या तरी वेगळ्याच कृतीचं इमानदारीने पालन करत असतात, असं त्यातून दिसलं.

मग प्रश्न उरतो तो असा. हा मुलगा वजाबाकी करत होता आणि ती चुकत होती? की तो वजाबाकी करतच नव्हता, आकड्याआकड्यांतला फरक काढण्याचं भलतंच काम करत होता, आणि ते मात्र अचूक करत होता? बहिणीला हे विचारलं तेव्हा तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेची तत्त्वज्ञानात एम. ए. केलेल्या माणसाला सवय असते.

प्रश्न खरा आहे, आणि मनाच्या तत्त्वज्ञानात गेली चाळीस वर्षं चाललेल्या एका भांडणाच्या मुळाशी तोच आहे. सॉल क्रिपके या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८२ साली विट्गेन्श्टाइन या आधीच्या तत्त्वज्ञावर एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्यात एक संशयवादी येतो. समजा, आयुष्यात तुम्ही ५७ किंवा त्याहून मोठ्या संख्येची बेरीज कधी केलेली नाही. आज पुढ्यात ६८ + ५७ आलं, तुम्ही १२५ म्हणालात. संशयवादी म्हणतो, छे, तुम्ही आजवर 'अधिक' म्हणून जे करत होतात त्याप्रमाणे उत्तर ५ आहे. कारण तुमची क्रिया अशी होती: दोन्ही संख्या ५७ पेक्षा लहान असतील तर त्यांची बेरीज, एरवी ५. ऐकून हसू येतं. पण त्याला खोटं पाडायला पुरावा कुठला देणार? आजवरच्या सगळ्या बेरजा दोन्ही क्रियांशी सारख्याच जुळतात. 'माझ्या मनात बेरीजच होती' असं म्हणावं, तर मनातली ती बेरीज नेमकी कोणती हेच तर ठरायचं आहे. मग आपण सवयीचा आधार घेतो: मला केव्हाही विचारलं असतं तरी मी १२५च म्हटलं असतं. यावर क्रिपके म्हणतो, तुम्ही काय म्हणाल हे विचारलेलंच नाही, काय म्हणायला पाहिजे हे विचारलंय. सवयीत चुकाही मुरलेल्या असतात. भाच्याची सवय तर दगडावरच्या रेघेइतकी पक्की होती.

या 'पाहिजे'वर पुढे एक अख्खा सिद्धान्त उभा राहिला. विचाराला आशय असतो, म्हणजे तो कशाबद्दल तरी असतो. कशाबद्दल तरी असतो म्हणूनच तो बरोबर किंवा चूक ठरू शकतो. आणि बरोबर-चूक आलं की काय मानावं, काय मानू नये हेही आलंच. तेव्हा आशय असलेल्या प्रत्येक विचाराच्या पोटात एक 'पाहिजे' आहे, असं हे म्हणणं. ते खरं असेल तर मेंदूचं कितीही बारीक वर्णन केलं तरी मन हाती लागणार नाही, कारण काय घडतं याच्या वर्णनातून काय घडायला पाहिजे ते निघत नाही.

मला यातला 'आलंच' मान्य नाही.

मान्य नसण्याची सुरुवात या भांडणाच्या कितीतरी आधीच्या एका पुस्तकापाशी आहे. कॉलेजात अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' होता, न्यायदर्शनाची तोंडओळख करून देणारा. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेली, मुंबई संस्कृत मालिकेतली १८९७ची आवृत्ती. तिच्या टिपा मूळ पुस्तकापेक्षा कितीतरी लांब, आणि आम्ही त्या परीक्षेपुरत्या वाचायचो. अन्नंभट्ट म्हणतो, 'तद्वति तत्प्रकारकोऽनुभवो यथार्थः'. जिथे चांदीपण आहे तिथे चांदी म्हणून जाणवलं तर ते ज्ञान यथार्थ, जिथे नाही तिथे तसं जाणवलं तर अयथार्थ. संपलं. वाळूत चमकणारा शिंपला चांदी वाटला, तर का वाटला? अंतर होतं, उजेड कमी होता, डोळ्यांत दोष होता. काविळीत शंख पिवळा दिसतो, त्यात शंखाचा अपराध नाही आणि रोग्याचाही नाही. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या मते ज्ञान हा आत्म्यात उपजणारा एक गुण आहे. कारणसामग्री जशी, तसं ते उपजतं. यथार्थ किंवा अयथार्थ अशी त्याची वर्गवारी नंतर होते. ते यथार्थच उपजायला हवं होतं, अशी तक्रार त्या ज्ञानाबद्दल कुणी करत नाही.

आनंदी हट्टियंगडी यांनी २००७ साली, आणि कॅथरिन ग्ल्यूअर व ओसा विकफॉर्स यांनी २००९ साली हाच मुद्दा अन्नंभट्टाच्या वाटेला न जाता मांडला. (विकफॉर्स पुढे साहित्याचं नोबेल देणाऱ्या स्वीडिश अकादमीत गेल्या.) खरेपणाची अट पुरी होणं ही एक वस्तुस्थिती आहे. ती पुरी करणं हे कुणाचं तरी कर्तव्य असणं ही वेगळी गोष्ट, आणि ती वेगळी सिद्ध करावी लागते.

इथे एक गल्लत फार सहज होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात वाद पेटला होता, आठवत असेल. 'बत्तीस'च्या जोडीला 'तीस दोन', 'सत्त्याण्णव'च्या जोडीला 'नव्वद सात' असं वाचन त्यात दिलं होतं. मंगला नारळीकर गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यात ही जोडाक्षरं, मुलं अडखळतात, असं त्यांचं म्हणणं. विनोदांचा पाऊस पडला, वाद विधानसभेपर्यंत गेला. (मला नारळीकरांचं म्हणणं पटलं होतं, पण माझ्या आईसमोर ते बोलायची सोय नव्हती.) त्या वादात 'पाहिजे' अगदी अस्सल होतं. संख्येला काय म्हणायचं हा संकेत आहे, संकेत पाळायचे असतात, आणि एखादी समिती ते बदलूही शकते. पण बावन्नातून सतरा गेल्यावर पस्तीस उरतात, हे कुठल्या समितीच्या अखत्यारीत येतं? क्रिपकेची चर्चा शब्दाच्या अर्थापासून निघते आणि बघता बघता मनातल्या आशयावर येते. त्या प्रवासात शब्दाच्या संकेताचा 'पाहिजे' आशयाच्या सामानात शिरतो, असा मला दाट संशय आहे.

बरं, आशयात 'पाहिजे' आहे असं धरू. मग नेमकं काय पाहिजे? जे खरं ते मानलं पाहिजे? मग माझ्या खिडकीतल्या तुळशीला पानं किती, हेही मी मानायला बांधील झाले. क्रिस्टर बिक्विस्ट आणि हट्टियंगडी यांनी इथे एक नामी उदाहरण दिलंय. 'पाऊस पडतोय, आणि पाऊस पडतोय असं कुणालाच वाटत नाही.' हे वाक्य खरं असू शकतं. मध्यरात्री सगळं गाव झोपलेलं असताना कुठे तरी असं होतच असणार. पण ते खरं आहे असं कुणी मानलं, की त्याच क्षणी ते खोटं होतं, कारण आता एकाला तरी वाटलं. म्हणजे खरं असूनही जे खरेपणाने मानताच येत नाही, असंही सत्य असतं. ते मानण्याचं कर्तव्य कुणाचं, आणि ते पार कसं पाडायचं?

मग विरोधक माघार घेऊन म्हणतात, निदान खोटं तरी मानू नये. हे ऐकायला बरं वाटतं. पण हा नियम पाळायला बसलं, की गोष्ट खोटी आहे का हे आधी ठरवावं लागतं. आणि खोटी आहे असं एकदा ठरलं, की ती न मानणं होऊनच गेलेलं असतं. नियमाला करायला काही उरत नाही. ग्ल्यूअर आणि विकफॉर्स यांचा हा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो, आणि त्याला दिलेली उत्तरं वाचताना दर वेळी वाटतं की लेखक घाम पुसतोय.

आशयात 'पाहिजे' असतं या सिद्धान्ताचं सगळ्यात भक्कम रूप पॉल बोगोसियन यांनी २००३ साली दिलं. त्यांनी आशयाला एकटं उभं केलं नाही. मानणं ही अवस्थाच अशी आहे की तिला खरेपणाचं बंधन असतं, आणि आशय म्हणजे काय हे आपल्याला मानण्यातूनच कळतं, म्हणून ते बंधन आशयापर्यंत पोचतं, अशी त्यांची मांडणी. पण डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभं राहून पाहा. 'फास्ट गाडी वेळेवर येणार' असं एकाला वाटतंय. दुसरी नुसती आशा करतेय. तिसरा अजून पुलाच्या जिन्यावर आहे, त्याला ती वेळेवर येण्याचीच भीती आहे. चौथी बाकावर बसून उगाच कल्पना करतेय. आशय चौघांचा एकच. गाडी वीस मिनिटं उशिरा आली, तर चूक ठरला तो फक्त पहिला. बाकीच्या तिघांपैकी एकीची निराशा झाली, एकाची गाडी वाचली, एकीला काहीच झालं नाही. बंधन असलंच तर ते मानण्याचं आहे, आशयाचं नाही. आणि मानणं म्हणजे घरातलं कर्तं माणूस, इच्छा-भीती-कल्पना त्याच्या आश्रित, असं का धरायचं, याचं समाधानकारक उत्तर मला बोगोसियनकडे सापडलं नाही. तान्ह्या मुलाला आधी काय येतं, मानणं की हवं असणं?

मग 'पाहिजे' येतं कुठून? ते आपल्याला पदोपदी जाणवतं, आणि जे इतकं जाणवतं त्याचा पत्ता सांगण्याची जबाबदारी माझ्यासारखीवर येतेच.

१९५३ साली, विट्गेन्श्टाइनच्या मृत्यूनंतर छापलेल्या त्याच्या पुस्तकात एक विद्यार्थी आहे. त्याला दोन-दोन मिळवत जायला शिकवलंय. हजारापर्यंत सगळं ठीक. पुढे तो १००४, १००८, १०१२ असं लिहितो, आणि हटकलं तर म्हणतो, मी आधीसारखंच तर करतोय. भाच्याचं "बाईंनीच सांगितलंय" ऐकलं तेव्हा मला हाच आठवला. पण त्या पुस्तकात येत नाही ती गोष्ट वेगळी. १९२० ते १९२६ विट्गेन्श्टाइन स्वतः खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत शिक्षक होता. लोअर ऑस्ट्रिया प्रांतात, व्हिएन्नाच्या दक्षिणेला डोंगराळ भागात, ट्राटेनबाख, पुखबेर्ग, ओटरटाल अशी ती गावं. हुशार मुलांवर तो जीव टाकायचा. गणित न जमणाऱ्यांना कानफटात मारायचा, केस ओढायचा, मुलींनाही. एप्रिल १९२६ मध्ये ओटरटालला त्याने एका आजारी प्रकृतीच्या मुलाच्या डोक्यात मारलं आणि मुलगा कोसळला. विट्गेन्श्टाइनने शाळा सोडली. पुढे १९३०च्या दशकात तो त्या गावात परत गेला आणि घरोघर जाऊन माफी मागून आला.

नियम पाळणं म्हणजे काय यावर विसाव्या शतकात सगळ्यात खोल विचार केलेल्या माणसाचा हात, मुलाने नियम पाळला नाही म्हणून उठत होता. तत्त्वज्ञानाच्या लेखांत ही माहिती चरित्रातला शिळा तपशील म्हणून बाजूला ठेवतात. मला ती मुद्द्याची वाटते. ५२ − १७ च्या पोटात कुठलीही आज्ञा नाही, त्यात फक्त ३५ आहे. 'तुला पस्तीस यायला पाहिजेत' हे म्हणतात बाई, म्हणते चाचणी परीक्षा, म्हणतो सुटे पैसे मोजून घेणारा दुकानदार. माझ्या पिढीत ते पट्टीही म्हणायची. हे 'पाहिजे' खरंच आहे, त्याला मी भ्रम म्हणत नाही. पण ते माणसामाणसांतलं आहे, संख्येतलं किंवा संख्येच्या विचारातलं नाही.

इथे माझी बाजू लंगडी पडते. भाच्याच्या मनात वजाबाकीच होती, असं मी कशावरून म्हणते? पानावरची सगळी उत्तरं दुसऱ्याच क्रियेशी जुळत होती. अन्नंभट्ट मला सांगतो की विचार यथार्थ केव्हा. विचार कशाचा, हे कसं ठरलं ते सांगत नाही. क्रिपकेचा संशयवादी त्याच्या अंगणात आलाच नव्हता.

मी चिंचोके आणले. बावन्न मोजून घेतले, सतरा बाजूला कर म्हटलं. उरलेले त्याने मोजले, पस्तीस. पुन्हा मोजले. मग वहीकडे पाहिलं आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाला, "अरेच्चा, वहीतलं चुकलंय." चिंचोके चुकले असं तो म्हणाला नाही. वहीतली कृती त्याच्या लेखी चिंचोक्यांचीच होती, म्हणून चिंचोक्यांनी तिला खोटं पाडलेलं त्याला चाललं. म्हणून मी म्हणते वजाबाकी. मीमांसा दर्शनातल्या प्रभाकराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मिथ्या ज्ञान असं काही झालंच नाही. फरक काढणं आणि वजा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांतला भेद तेवढा मुलाच्या ध्यानात आला नव्हता. त्याचं हे मत, म्हणजे अख्यातिवाद, कॉलेजात मला निव्वळ हट्ट वाटायचं. या पानासमोर ते बरंच शहाणं दिसतं.

सगळी मुलं भाच्यासारखं करत नाहीत. ब्राझीलमधल्या रेसीफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांवर १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तेरेझिन्या काराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. गिऱ्हाइकाला हिशेब सांगताना मुलांची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर येत. त्याच संख्या कागदावर नुसत्या आकड्यांत दिल्या, की निम्मीही येत नसत. अशा एखाद्या मुलाने 'ते बाजारातलं, हे शाळेतलं' म्हणून दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी सुखाने नांदू दिली, तर कागदावर तो कशाचा विचार करत होता? अ‍ॅलन गिबर्ड या तत्त्वज्ञाच्या २०१२च्या पुस्तकाच्या वाटेने गेलं तर उत्तर असं: तो वजाबाकीचा विचार करतोय असं म्हणणं म्हणजेच, त्याने काय कबूल करायला पाहिजे याबद्दल एक भूमिका घेणं. आशयाचं वर्णन करताना आपण आधीच 'पाहिजे'च्या भाषेत बोलत असतो. माझं उत्तर कोरडं आहे. त्या मुलाचा कागदावरचा आशय अजून ठरलेलाच नाही. जे ठरलेलं नाही ते 'पाहिजे' घालून ठरत नाही, ठरलं असं आपल्याला वाटतं.

एम. ए.ची माझी एक मैत्रीण कट्टर गिबर्डपंथी आहे. चिंचोक्यांची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "तुझ्या त्या 'अरेच्चा'तच सगळं आलं की! त्याने वहीतलं मागे घेतलं. मागे घ्यायला पाहिजे हे कळल्याशिवाय कोण मागे घेईल?" मी म्हटलं, नैयायिकांकडे याला बाध म्हणतात. पुढचं ज्ञान आलं की आधीचं हटतं. शिंपला हातात आला, की चांदी वाटणं थांबतं. तसा हुकूम कुणी सोडावा लागत नाही.

"आणि हातात शिंपला घेऊनही जो चांदीच म्हणत राहतो, तो?"

तो क्लिफर्डचा जहाजमालक. डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली ही गोष्ट रचली. देशांतराला निघालेल्या माणसांनी भरलेलं जुनं जहाज. दुरुस्ती हवी आहे अशी मालकाला शंका येते. तो ती दाबतो, इतक्या फेऱ्या झाल्या, हीही होईल अशी मनाची समजूत घालतो, आणि जहाज धडधाकट आहे असं अगदी प्रामाणिकपणे मानू लागतो. जहाज भर समुद्रात बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. इथे मला 'पाहिजे' लख्ख दिसतं: त्याने शंका दाबायला नको होती. पण क्लिफर्ड तिथे थांबत नाही. तो म्हणतो, समजा जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी मालक तितकाच दोषी. 'जहाज धडधाकट आहे' हा आशय मग खरा ठरला असता, आणि दोष मात्र जिथल्या तिथे राहिला असता. मैत्रिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, हा मानण्याचा दोष झाला, आशयाचा निकाल अजून लागायचाय. निम्मं तर मान्य केलंस, मी म्हटलं.